दीड सूत

आठ भोकांपैकी सहा बसली.
सातव्यातून पलीकडचं लोखंड दिसत होतं,
कापून टाकलेल्या नखाएवढं.
आठवं तर सरळ तोंड फिरवून बसलेलं.

मल्लेशमनं हातोडी उचलली.
थांब म्हटलं, आटे मरतील.
जो बोल्ट बोटांनी दोन आटे जात नाही
तो पान्यानं गेला तरी
गेला असं समजू नये.

जीप बिराजदारांची. गुरांचे डॉक्टर.
अडलेली म्हैस डांबरी रस्त्यावर कधीच नसते.
वस्तीवर जाताना दगडांनी
दाराखालचा पत्रा दोनदा पोटात घातला,
म्हणून कोइमतूरहून हे स्लायडर मागवले,
एकेक अठ्ठावीस किलोचा,
गोणपाटात गुंडाळून आलेला.

शेजारच्या शेडमधून येमुल डोकावला.
गॅस मार की. दहा मिनिटांचं काम.
खरंय. भोक मोठं होतं.
पण ज्वाळेनं चासीचं पाणी उतरतं,
आणि ते वरून दिसत नाही.

पट्टी लावली. दीड सूत.
आमच्या गावात हा शब्द जपून उच्चारावा लागतो:
पट्टीवर सूत, बाबीनवर सूत,
आणि दोन माणसांचं
जुळतं किंवा जुळत नाही, तेही सूतच.

मग बसलेले सहाच्या सहा सैल केले.
"जमलंय ते कशाला सोडायलाव, मामा?"
ते घट्ट आहेत म्हणून हे दोन अडलेत,
मी म्हणालो. त्याला पटलं नाही.
मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं.

खालून जॅक. सातव्यात टॉमी.
लोखंड कुरकुरलं, हललं,
सातवा बोल्ट बोटांनीच आत गेला.
आठवा राहिला. अजून अर्धं सूत.

दिवा आत धरला तेव्हा
काळ्या रंगाखाली जुना झाळ दिसला,
दोन बोटं रुंद, घाईघाईत मारलेला.
म्हणजे स्लायडर सरळ होता.
कोइमतूरच्या कुणा माणसानं भोकं नीट पाडली होती.
वाकडं आमच्याकडचं.

डॉक्टर स्टुलावर चहा घेत होते.
दिव्याकडे बघितलं नाही त्यांनी.
"पानमंगरूळच्या वळणावर," म्हणाले,
"मागच्या सीटवर..."
आणि फोन वाजला.

"पाय किती बाहेर आलेत? एकच?
ओढू नका. चौघं मिळून ओढू नका.
आधी आत सारावं लागतं, मग वळवायचं.
मी आलोच."

मल्लेशमनं माझ्याकडे पाहिलं.
मी कानस शोधत होतो.

गोल कानस, वडिलांची.
मिल बंद झाली तेव्हा
जॉबरच्या पेटीतून एवढीच घरी आली.
तिनं भोक मोठं करत नाहीत,
एकाच बाजूला लांबवतात,
लिंबाच्या बीसारखं.
शंभर हात मारले असतील.
कीस मनगटावर चिकटला,
घामात काळा झाला.

उघड्या लोखंडाला रंग लावला.
वाळायला दोन तास.
ते थांबणार नव्हते.
सात बोल्ट आळीपाळीनं आवळले,
आठवा जाड वॉशरसकट
कागदात बांधून डॅशबोर्डवर ठेवला.
डॉक्टर पैसे द्यायचे विसरले,
चहाचा कप घेऊनच गेले.

सकाळी शेड उघडायच्या आत जीप उभी.
पायरीवर शेण, वाळलेलं रक्त,
सीटवर आमचा कप.
डॉक्टर स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेले.

मल्लेशमनं आठवा बोल्ट लावला,
बोटांनी, शेवटच्या आट्यापर्यंत,
आणि पाना मागितला.

वासराचं मी विचारलं नाही.
वळणाचंही नाही.
स्लायडरच्या पोटावर
हातभर लांब एक ओरखडा होता,
ताजा, चकचकीत.